एम.डी. झाल्यावरची शाळा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन दोन्ही बंद होतं. आता डोळा छान आहे आणि विषयही आयता घरातूनच मिळाला आहे.

गेला महिनाभर आमच्या नात्यात एक चर्चासत्र चालू आहे. वन्संची नात एम.डी. मेडिसिन झाली, चांगल्या मार्कांनी झाली. आता ती दवाखाना टाकेल, नाहीतर एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात लागेल, अशी सगळ्यांची अपेक्षा. तर तिने दोन वर्षांची रिसर्च फेलोशिप घेतली! विद्यावेतन म्हणाल तर खासगीत मिळाला असता त्या पगाराच्या निम्मंही नाही. वन्सं मला फोनवर म्हणाल्या, "वहिनी, एम.डी. म्हणजे शेवटची पायरी ना? त्यापुढे आणखी कसलं शिक्षण? पेशंट सोडून ही पोरगी आकडेमोड काय करत बसणार?"

प्रश्न रास्त आहे. हृदयाचा डॉक्टर, किडनीचा डॉक्टर व्हायला पुढे शिकावं लागतं हे आपल्याला पटतं. पण ताप, मधुमेह, रक्तदाब, दमा, अशक्तपणा असं सगळं पाहणाऱ्या साध्या फिजिशियनने संशोधन शिकायचं, म्हणजे काय?

मी डॉक्टर नाही. बी.ए. इतिहास, तेही मराठी माध्यमातून, आणि पुढे पस्तीस वर्षं हायस्कुलात इतिहास-भूगोल. पण इतिहास शिकवणाऱ्याला एक खोड असते. कुठलीही गोष्ट समोर आली की ती कधी सुरू झाली आणि कोणाला तिची गरज पडली, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. त्या मुलीने मला काही लेख आणून दिले. "मामीआजी, अडलं तर विचार," म्हणाली. पुष्कळदा अडलं, तिने समजावलं. बाकीचं मी शोधून वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते लिहिते. वन्सं, हे मुख्यतः तुमच्यासाठी.

मी शिक्षिका, तेव्हा सुरुवात शाळेपासून करते. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन चाइल्ड हेल्थ असोसिएशनने ११ वर्षांच्या १००० शाळकरी मुलांची पाहणी केली. त्यातल्या ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली. त्यांनी १७४ जणांचे टॉन्सिल काढावेत असं सांगितलं. राहिली २१५. ही मुलं बरी आहेत असं ठरलं होतं, तरी ती दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी त्यातली ९९ ऑपरेशनसाठी निवडली! राहिली ११६. ती तिसऱ्या डॉक्टरांकडे गेली, तर त्यांनी आणखी ५१ निवडली. तीन चाळण्या झाल्यावर हजारातली ६५ मुलं अशी उरली, की ज्यांच्या टॉन्सिलला कोणी हात लावायला सांगितलं नाही.

गंमत पाहा. समोर कुठलीही मुलं असोत, डॉक्टर दर वेळी शेकडा ४५च्या आसपास मुलं निवडत होते. ते सगळे शिकलेले, अनुभवी, प्रामाणिक डॉक्टर होते. पण त्यांचा निर्णय मुलाच्या घशावर कमी आणि स्वतःच्या सवयीवर जास्त ठरत होता. आणि टॉन्सिलचं ऑपरेशन त्या काळी काही पोरखेळ नव्हतं, त्यात मुलं दगावतही असत.

बोर्डाचे पेपर तपासलेल्यांना याचं फार नवल वाटणार नाही. एकाच उत्तरपत्रिकेला एक परीक्षक ५२ देतो, दुसरा ६३. म्हणून तर वर मॉडरेटर असतो. पण डॉक्टरच्या निर्णयावर मॉडरेटर कोण? तिथे अनुभव हाच शेवटचा शब्द. आणि तो अनुभव सगळ्यांचा सारखाच चुकत असेल, तर तो दिसणार कसा? एका डॉक्टरच्या एका पेशंटकडे पाहून ते कधीच दिसत नाही. शंभर, हजार पेशंट मांडून मोजावे लागतात.

दुसरा टप्पा १९६१ सालचा. केर व्हाइट नावाचे एक फिजिशियन अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात होते. मूळचे कॅनडाचे, आणि डॉक्टर होण्याआधी अर्थशास्त्र शिकलेले. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर एक छोटा लेख लिहिला. प्रश्न अगदी साधा होता. एक हजार प्रौढ माणसं घेतली, तर एका महिन्यात त्यांच्या आजारपणाचं काय होतं? उत्तर असं आलं: हजारातल्या ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण हॉस्पिटलात दाखल होतात. ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं. आणि विद्यापीठाच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचतो फक्त १.

हा आकडा मी वाचला आणि पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. डॉक्टर शिकतात कुठे? त्या एकाच्या खाटेपाशी. संशोधन होतं कोणावर? त्या एकावर. मग पदवी घेऊन बाहेर पडले की त्यांना भेटतात ते उरलेल्यांपैकी २५०, ज्यांच्याविषयी पुस्तकात फारसं काही नाही. आणि जे डॉक्टरकडे येतच नाहीत ते तर कोणाच्याच हिशेबात नाहीत. चाळीस वर्षांनी, २००१ साली, दुसऱ्या संशोधकांनी हीच मोजणी नव्याने केली. औषधं बदलली, यंत्रं बदलली, पण चित्र जवळजवळ तेच राहिलं. हजारातला एकसुद्धा पुरता त्या मोठ्या हॉस्पिटलात पोचत नव्हता.

आता फेलोशिपकडे येते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला सरकारचा भरपूर पैसा मिळू लागला, पण तो मुख्यतः प्रयोगशाळेकडे गेला. हुशार तरुण डॉक्टर परीक्षानळ्यांकडे आणि एकेका अवयवाच्या खास अभ्यासाकडे वळले. सगळा माणूस पाहणारा फिजिशियन मागे पडला, आणि त्याच्या रोजच्या प्रश्नांवर संशोधन करणारं कोणी उरलं नाही. हे काही जाणत्या प्राध्यापकांना खटकलं. त्यांच्या प्रयत्नातून १९६९ साली पाच विद्यापीठांत एक नवा कार्यक्रम सुरू झाला. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनने आपल्याकडे घेतला. जॉन्सन अँड जॉन्सन आपल्याला बेबी पावडरमुळे माहीत असते. त्या कंपनीच्या रॉबर्ट वुड जॉन्सन यांनी १९६८ साली जाताना मागे ठेवलेल्या संपत्तीतून हा ट्रस्ट मोठा झाला. कार्यक्रमाचं नाव क्लिनिकल स्कॉलर्स.

यात करायचं काय? डॉक्टरचं नेहमीचं प्रशिक्षण संपलं की दोन वर्षं द्यायची. रुग्ण तपासणं थोडं चालू ठेवायचं, बाकी वेळ अभ्यासाचा. विषय कोणते? संख्याशास्त्र, साथरोगशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, हॉस्पिटलचा कारभार. शिवाय स्वतःचा एक प्रश्न घ्यायचा आणि तो तडीस न्यायचा. साथरोगशास्त्र हा शब्द मात्र आपल्याला थोडा फसवतो. त्यात फक्त प्लेग-कॉलरा येत नाही. कोणाला काय होतं, किती जणांना होतं, उपचार केला तर काय आणि नाही केला तर काय, हे मोजण्याचं ते शास्त्र. तेच रुग्णाच्या खाटेपाशी आणलं की त्याला क्लिनिकल एपिडेमिऑलॉजी म्हणतात.

येल विद्यापीठात हा कार्यक्रम बरीच वर्षं अल्व्हन फाइनस्टाइन यांनी चालवला. हे आधी गणित शिकलेले आणि मग डॉक्टर झालेले. त्यांचं म्हणणं असं, की डॉक्टर रक्त-लघवी मोजतो, पण वेदना, धाप, थकवा, म्हणजे पेशंट ज्यासाठी येतो तेच नीट नोंदवत नाही. तिकडे कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठात १९६७ साली डेव्हिड सॅकेट यांनी याच विषयाचा विभाग उभा केला. तेव्हा त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती. या सॅकेटांची एक गोष्ट मला फार आवडली. नावलौकिक मिळालेला, जगभर शिष्य असलेला हा प्राध्यापक वयाच्या ४९व्या वर्षी पुन्हा रेसिडेंट झाला! आपलं प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याचं ज्ञान जुनं झालं असं वाटलं, म्हणून मुलांच्या वयाच्या डॉक्टरांबरोबर रात्रपाळ्या करत मेडिसिन नव्याने शिकला. वन्सं, शेवटची पायरी म्हणता ती अशी असते.

हळूहळू या मंडळींचं एक घराणंच तयार झालं. १९७८ साली त्यांची संघटना निघाली, १९८६ साली जनरल इंटर्नल मेडिसिनचं स्वतंत्र नियतकालिक सुरू झालं. रॉबर्ट आणि सुझान फ्लेचर हे डॉक्टर पतिपत्नी त्याचे पहिले संपादक. मूळ क्लिनिकल स्कॉलर्स कार्यक्रम नंतर संपला, पण २०१५-१६च्या सुमारास काही विद्यापीठांनी मिळून त्याच धर्तीवर नॅशनल क्लिनिशियन स्कॉलर्स नावाने तो पुढे चालू ठेवला.

एवढ्या शिक्षणाचा पेशंटला काय फायदा, असं कोणी विचारेल. त्याला एक उदाहरण पुरे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या काही जणांच्या हृदयात मधूनच जादा ठोके पडतात. असे ठोके असलेले लोक अचानक दगावण्याचा धोका जास्त, हे माहीत होतं. ठोके बंद करणारी औषधं निघाली, एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड. गोळी दिली की ईसीजी सुधारायचा, डॉक्टर समाधानी, पेशंटही समाधानी. किती सरळ तर्क! तरी अमेरिकेत काही जणांनी ठरवलं की मोजून पाहू. १४९८ पेशंट घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले, ७५५ जणांना ती औषधं, ७४३ जणांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. १९८९ साली हा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. साधारण दहा महिन्यांत औषध नसलेल्या गटात २६ जण दगावले होते आणि औषधाच्या गटात ६३.

म्हणजे ठोके थांबत होते आणि माणसंही थांबत होती. हे एकट्या डॉक्टरला आपल्या दवाखान्यात कधी कळलं असतं? पेशंट गेला तर तो म्हणाला असता, आधीच अटॅक येऊन गेलेला, काय करणार. त्याची काही चूक नाही. एकेकट्या अनुभवातून हे दिसतच नाही. हा प्रयोग हृदयरोगतज्ज्ञांनी केला हे खरं, पण असे निष्कर्ष वाचायचे, त्यातलं खरं-खोटं ओळखायचं आणि समोरच्या माणसाची गोळी चालू ठेवायची की बंद करायची हे ठरवायचं काम बहुतेक वेळा साध्या फिजिशियनचंच असतं. त्याला हे वाचायला कोणीतरी शिकवायला नको का? आणि शिकवणारा आधी स्वतः शिकलेला नको का?

हे सगळं अमेरिकेचं झालं, आपलं काय? तर आपल्याकडचा धागा त्या केर व्हाइटांपर्यंतच जातो. १९७८ साली ते रॉकफेलर फाउंडेशनमध्ये गेले आणि १९८० साली तिथून इनक्लेन नावाचं आंतरराष्ट्रीय जाळं सुरू झालं. आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांतल्या तरुण अध्यापकांना अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, कॅनडात मॅकमास्टर किंवा ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल इथे पाठवायचं, हे शास्त्र शिकवायचं, आणि त्यांनी परत आपल्याच कॉलेजात येऊन एक छोटा विभाग उभा करायचा. त्या विभागात डॉक्टरांच्या जोडीला संख्याशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञही हवेत अशी कल्पना. भारतात दिल्ली, लखनौ, चेन्नई, त्रिवेंद्रम यांच्याबरोबर आपलं नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेजही त्यात होतं. १९९३ ते १९९७ या काळात या जाळ्यातल्या हॉस्पिटलांनी न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणाऱ्या जंतूंची एकाच पद्धतीने नोंद ठेवली आणि १९९९ साली ते काम लॅन्सेटमध्ये छापून आलं.

आणि गडचिरोली तर आपल्या सगळ्यांच्या माहितीची. डॉ. अभय बंग एम.डी. मेडिसिन, डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. दोघांनी नागपूरहून पदव्या घेतल्या, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९८४ साली सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण पुरं केलं आणि १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' सुरू केलं. ही फेलोशिप नव्हे, पण शिकायचं ते हेच: प्रश्न कसा विचारायचा आणि उत्तर कसं मोजायचं. तिथे तान्ही मुलं घरातच जन्मत आणि घरातच जात. कुठल्याही हॉस्पिटलच्या रजिस्टरात त्यांची नोंद नव्हती. ही मुलं म्हणजे केर व्हाइटांच्या हजारातली ती न दिसणारी माणसं. बंगांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला, आजार ओळखायला आणि गरज पडली तर इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. आणि तुलनेसाठी शेजारच्या ४७ गावांची तितकीच काटेकोर मोजणी ठेवली. १९९३-९५च्या सुमाराला महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ६२ होतं. १९९८ पर्यंत त्या ३९ गावांत ते २५.५ वर आलं. तुलनेच्या गावांत ५९.६ राहिलं.

त्या ४७ गावांची मोजणी नसती तर? कोणीही म्हणालं असतं, काळ बदलला, पाऊस बरा झाला, लोक सुधारले. पुढे २०११ साली केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांकडून बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची योजना देशभर आणली, तेव्हा त्यामागे या गावांतले आकडे होते. वन्सं, आकडेमोड म्हणता ती ही.

पण इतिहास सांगताना सगळं गोडगोड सांगू नये. २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत भारतातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांनी किती शोधनिबंध लिहिले, याची मोजदाद त्यात होती. ३३२ संस्थांच्या नावावर एकही निबंध नव्हता. दहा वर्षांत एकही नाही! जिथे रोज इतके पेशंट ओपीडीत रांग लावतात, तिथे ही स्थिती. नंतर, २०१९ पासून, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधन पद्धतीचा एक ऑनलाईन अभ्यासक्रम सक्तीचा झाला. चांगलं आहे. पण सक्तीने काय होतं ते आम्हा शिक्षकांइतकं कोणाला माहीत? मुलं प्रमाणपत्र मिळवतात आणि पुढे जातात. आणि बढतीसाठी पेपर हवा असं म्हटलं, की पेपर छापले जातात, प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

वन्संच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे. आपल्याकडे डॉक्टर कमी, पेशंट अफाट. शिकलेली मुलगी दोन वर्षं ओपीडीतून बाजूला झाली तर तेवढे लोक तपासायचे राहतातच. सगळ्यांनीच संशोधन करत बसावं असं मीही म्हणणार नाही. पण दिवसाला शंभर पेशंट पाहणाऱ्या डॉक्टरला मान वर करायला फुरसत नसते. तो विचार करणार कधी? म्हणून थोड्यांना तरी मुद्दाम वेळ काढून द्यावा लागतो, आणि त्या वेळेचे पैसे कोणीतरी भरावे लागतात. अमेरिकेत ते ट्रस्टने भरले. इथे तिच्या निम्म्या पगाराने ती स्वतः भरते आहे. दोन वर्षांनी परत आल्यावर तिला असा वेळ कोणी देईल का, ही मात्र मला खरी काळजी वाटते. शिकून आलेल्या माणसाला पुन्हा त्याच रांगेपुढे बसवलं की शिकलेलं दोन-चार वर्षांत विरून जातं. शाळेत नव्या पद्धतीचं प्रशिक्षण घेऊन आलेल्या किती शिक्षकांचं असं झालेलं मी पाहिलं आहे.

जाता जाता तिचा विषय सांगते. सरकारी हॉस्पिटलात मधुमेहाचं निदान झालेले पेशंट तीन महिन्यांनी परत येतात का, आणि जे येत नाहीत ते का येत नाहीत. मी विचारलं, यात संशोधन काय? तर म्हणाली, "मामीआजी, जे येतात त्यांनाच आम्ही ओळखतो. औषध लागू पडलं की नाही ते त्यांच्यावरूनच ठरवतो. न येणाऱ्यांच्या घरी अजून कोणी गेलेलंच नाही." ती आता रजिस्टर घेऊन पत्ते शोधत वस्त्यांमधून फिरते आहे. काही पत्ते सापडतात, काही ठिकाणी माणूस कामाच्या शोधात गाव सोडून गेलेला असतो, आणि एका घरी फोटोला हार घातलेला होता.

तेव्हा वन्सं, तिला दवाखान्याचं आणि लग्नाचं विचारून झालं की एकदा हेही विचारा, न आलेले पेशंट सापडले का म्हणून. ती खूप बोलेल. ऐकून घ्या.

असो. लेख लांबला. आपल्यापैकी कोणाच्या घरात असा उशिरापर्यंत शिकणारा डॉक्टर असेल तर जरूर लिहा, वाचायला आवडेल.